चेतनाचं सॉफ्टवेअर

चित्रं काढायच्या दुसऱ्याही सॉफ्टवेअरवर चेतनाने फुली मारली आणि लॅपटॉप बाजूला सरकवला. नवलने तिच्या पाठीमागची उशी सारखी केली आणि यात आता काय खोट निघाली, असं विचारलं. पडद्यावरच्या खुणा फार बारीक आहेत, चष्मा लावला तरी दिसायच्या नाहीत, असं ती म्हणाली. आजारपणात पोरीची नजरही उतरली असावी, असं नवलने मनाशी धरलं.

पहिलं तर तिने एका दुपारीच मोडीत काढलं होतं. चित्रं सुरेख निघत, पण दर महिन्याला वर्गणी भरावी लागे. वर्षानुवर्षं कोण भरत बसणार, असं ती सहज बोलून गेली. नवल पाणी आणायचं निमित्त करून उठला आणि बराच वेळ माठापाशीच उभा राहिला.

कारण सुरतच्या डॉक्टरांनी त्याला एकट्याला बाहेर बोलावून सांगितलं होतं. आता घरी न्या, खाऊ-पिऊ घाला, तिला आवडेल ते करू द्या. वर्षभराची तर बातच नव्हती. नवलने बायकोला, रंजनाबाईला, शपथ घातली की पोरीसमोर तोंडातून ब्र काढायचा नाही. चेतनाला दोघांनी सांगितलं ते एवढंच, की रक्त कमी झालंय, दिवाळीपर्यंत बरी होशील. तिने मान डोलावली आणि त्याच आठवड्यात हट्ट धरला की मला कॉम्प्युटरवर चित्रं काढायला शिकायचंय. नवल त्याच दिवशी शहाद्याला जाऊन पेनाने रेघ ओढली की ती लॅपटॉपवर उमटते, तसली काळी पाटी घेऊन आला. तिने चांद मागितला असता तरी तो शिडी शोधायला निघाला असता.

नवल स्वतः पेंटर. लोणखेड्यात त्याला डावऱ्या पेंटर म्हणत. पंचक्रोशीतल्या दुकानांच्या पाट्या, शाळांच्या भिंती, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या त्याच्या अक्षरांनी भरलेल्या होत्या. मग फ्लेक्स आला. वाढदिवस असो, निवडणूक असो, श्रद्धांजली असो, चौकात बॅनर झळकू लागले आणि नवलचे ब्रश डब्यात कडक होऊन गेले. चार माणसांत बसायचंही त्याने सोडलं. घरात हसणंबोलणं राहिलं ते एकट्या चेतनाशी.

आता संध्याकाळ झाली की बापलेक खाटेवर लॅपटॉप मांडून बसत. चेतनाने पाटी उलटी फिरवून तिची बटणं उजवीकडे घेतली. सुया टोचून टोचून उजवा हात सुजलाय, म्हणून बिचारी डाव्या हाताने शिकते, असं नवलला वाटलं.

तोही हात लवकरच थकायचा.

"मन्हा हात दुखस, बापू. तुमीच करीसन दखा," असं म्हणून ती पेन त्याच्याकडे सरकवी.

मग नवलने अक्षरं काढायची आणि तिने पारखायची. आधी त्याचा हात इकडे आणि रेघ भलतीकडे, असा तमाशा होई. ती पोट धरून हसे, दम लागला की थांबे. एका चित्रावर दुसरा थर कसा चढवायचा, चुकलेली रेघ मागे कशी घ्यायची, काम जपून कसं ठेवायचं, हे सगळं ती त्याच्याकडून पुन्हा पुन्हा म्हणून घेई. विसरला तर मास्तरणीसारखी रागवे.

"शिकनारी तू, आन् पाठ मी करी ऱ्हायनू," तो कुरकुरला, पण त्याला ते मनापासून आवडत होतं. त्या तासाभरात सुरत आठवत नसे.

तिसरं सॉफ्टवेअर नवलला फार आवडलं. त्यातला ब्रश खऱ्या ब्रशासारखा चाले. चेतनाने मात्र त्याने काढलेलं अक्षर वाढवत वाढवत पडदाभर केलं. कडा पायऱ्यापायऱ्यांसारख्या दिसू लागल्या. मोठं केलं की रेघ फाटते, हे चालणार नाही, असं तिने ठरवून टाकलं. तिला लहान मुलांच्या गोष्टींची चित्रं काढायची असणार, असं नवलने गृहीत धरलं होतं. पुस्तकातल्या पोपटाला भिंतीएवढं कशाला व्हायला लागतंय, हे त्याला कळेना. पण आजारी माणसाशी वाद काय घालायचा!

चौथं फुकट होतं, नेटशिवाय चाले, आणि अक्षर कितीही ताणलं तरी कड गुळगुळीत राही. चेतनाने त्यातल्या खुणा मोठ्या करून घेतल्या. मग नवलला एकट्याने नवं पान उघडायला लावलं, नाव लिहायला लावलं, रंग भरून जपून ठेवायला लावलं. त्याने एकदाही न विचारता सगळं केलं. ती कितीतरी वेळ त्या अक्षरांकडे बघत राहिली.

"हाईच ठेवू," ती म्हणाली आणि उशीला टेकली.

रंजनाबाई दारात मिरच्यांचे देठ काढत बसली होती. तिनेही मान वर करून पाहिलं. कितीतरी दिवसांनी पोरीच्या चेहऱ्यावर समाधान दिसत होतं. नवलला वाटलं, आपण जिंकलो. पोरीला कसलीच कुणकुण लागू दिली नाही, आणि तिच्या मनासारखंही झालं. त्याने पेन तिच्यापुढे ठेवला.

"आते पहिलं काय काढशी, बेटा?"

चेतनाने पेन उचलला आणि त्याच्या हातात ठेवला.

"तुमी शिकी गयात आते, बापू. चौकमा मन्हा श्रद्धांजलीना बॅनर लागी, तो दुकानमा देऊ नका. तुमीच लिखज्यात."