काळ्या गळ्याचा चिमणा

साधनाने ओसरीत चिमण्यांसाठी ज्वारीच्या कणसांचा झुबका टांगला होता. मोतीबिंदूमुळे आजोबांना पाखरं धड दिसत नव्हती, तरी संशय दांडगा. “ह्या सुगरणी असतील. इथं चटक लागली की आपलं शेत साफ! एकबी सुगरण निघाली तर झुबका उकिरड्यावर.” “आबा, तुमी तर कोंबडीवरबी शक घेता!” साधना खांबाआडून निरखू लागली. हिवाळ्यात सुगरणीचा नरही चिमणीसारखाच भुरका दिसतो. पण चिमण्यांच्या थव्यात काळ्या गळ्याचा चिमणा असतोच. इथे एकही नव्हता. तिने पुन्हा एकेक पाखरू न्याहाळलं. “चिमणा दिसून राहिला का?” “व्हय, दोन हायेत!” तिने ठोकून दिलं. “मग शेतातबी हीच पाखरं. चिमण्या बिचाऱ्या किती खातील? उद्यापासून शेताची राखण बंद.” “न्हाई आबा! सुगरणी हायेत, समद्या सुगरणी!” आजोबा मिशीतल्या मिशीत हसले. “आता कसं खरं बोललीस!”