ओट्याची उंची

“उघड आता डोळे,” वसंतराव म्हणाले. भाचीच्या लग्नाहून परतलेल्या बायकोला, कुंदाताईंना, त्यांनी हात धरून थेट स्वयंपाकघरात आणलं होतं.

भिंतींवरचा वर्षानुवर्षांचा तेलकटपणा घासून त्यांनी स्वतःच डिस्टेंपर मारला होता. टाइल्स दुकानातल्या उरल्यासुरल्या, तीन रंगांच्या. पण ओटा! सासूबाईंच्या उंचीने बांधलेला तो बुटका ओटा तोडून गवंड्याने, जुनाच कडप्पा वापरून, चांगला उंच केला होता. लग्न होऊन आल्यापासून कुंदाताईंनी या घराबद्दल एवढी एकच तक्रार केली होती, आणि गेली चाळीस वर्षं दर दिवाळीला वसंतराव म्हणत आले होते, “पुढच्या वर्षी नक्की.”

कुंदाताईंनी ओट्यावर परात ठेवली आणि कणीक मळायला घेतल्यासारखे हात केले. कोपरं पार खांद्यांपाशी आली.

“गवंड्याने घोळ घातला वाटतं,” वसंतराव चिडले. “मी त्याला नीट सांगितलं होतं, आमची ही माझ्या कानापर्यंत येते म्हणून.” मग बायकोकडे बघून म्हणाले, “अगं, ताठ उभी राहा ना.”

कुंदाताईंनी परातीवरून नजर उचलली नाही.

“ताठच उभी आहे मी.”