तिच्या वाट्याची गोळी

डहाणूच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बाबांसमोर धरला. “काका, टीएसएच पार तळाला गेलंय. थायरॉइडची गोळी जास्त होतेय, म्हणून छाती धडधडते, हात थरथरतात, झोप उडालीय. शंभरची एकच घेता ना?” मीच उसळले, “बाबा, आईला जाऊन चार महिने झाले, तरी बाटली पूर्वीइतक्याच लवकर कशी संपते?” दोघांना एकच आजार, एकच डोस, एकच बाटली. रोज पहाटे, चहाच्या तासभर आधी, बाबा दोन गोळ्या काढायचे आणि एक आईच्या हातावर ठेवायचे. “सवयीनं दोनच निघतात गं,” ते पुटपुटले. “तिची परत बाटलीत टाकवत नाही. मग मीच घेतो.” डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, “उद्यापासून एकच. दीड महिन्यानं परत रक्त तपासू. धडधड थांबेल.” बाबा एकदम घाबरले. “धडधड सुरू झाली की पडवीत तिची पावलं वाजतात, डॉक्टर. ती पण थांबतील?” डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी रिपोर्टची घडी घालून पिशवीत ठेवली. दुसऱ्या दिवशी पहाटे, बोर्डीच्या आमच्या घरात, बाबांची चाहूल लागली म्हणून मी उठले आणि स्वयंपाकघराच्या दाराशी थांबले. बाहेर चिकूच्या वाडीत अजून अंधार होता. एक गोळी त्यांनी माझ्यादेखत गिळली. दुसरी आईच्या पेल्याशेजारी ठेवली, पेल्यात पाणी ओतलं आणि तिच्या रिकाम्या खुर्चीला म्हणाले, “आजपासून तुझी तूच घे. पण येत जा.”