समाधानी ग्राहक

"अहो, वर किती छान हसताय तुम्ही!" बायको केबिनमधून म्हणाली.

माझी नवीकोरी डिझेल पिकअप नेमकी शोरूमच्या होर्डिंगखाली बंद पडली होती. वर गाडी घेतानाचा, गळ्यात हार घातलेला माझाच फोटो होता, त्याखाली 'गाडी भरवशाची!' असं लिहिलेलं. मागे हौद्यात साखरपुड्याच्या खुर्च्या होत्या आणि नवरीचा बाप फोनवर ओरडत होता, "पाहुणे उभे आहेत!"

एक बाईकवाला थांबला. "फोटोतले तुम्हीच ना? मी बुकिंगलाच चाललोय. कशी आहे गाडी?"

खरं सांगायला तोंड उघडलं, पण वरच्या हाराची लाज वाटली. "एक नंबर!"

बायको खाली उतरली. "भाऊ, आधी हिला धक्का मारा."

मी स्टिअरिंगवर बसलो, त्याने धक्का मारला. गाडी सुरू झाली.

"वा! एका धक्क्यात!" म्हणत तो खुशीत शोरूमकडे गेला.

"झालं," बायको म्हणाली. "आता त्याच्या गाडीला धक्का मारायला तुम्ही जायचं."