केरव्याचा एक तुकडा

"तुम्ही फक्त एक आवर्तन वाजवा. बाकीचं कॉम्प्युटर वाजवेल," अरुणकुमार बोरकर म्हणाले.

हिरालाल दारातच थबकला. मागे बायको मैनाबाई, खांद्याला ढोलकी अडकवून. सेक्टर दोनच्या भजन मंडळात हिरालाल सोळा वर्षं ढोलकी वाजवत आला होता. आणि आता मंडळाचे सेक्रेटरी, स्मृति नगरातल्या एका पोराच्या मागच्या खोलीत बसून, त्याला सांगत होते की एका आवर्तनात तुमचं काम संपलं.

"मंग रविवारी गणपतीत स्टेजवर कोण बसन?"

"कॅसेट लावू. दोन महिन्यांत तुम्ही एकदा तरी सरावाला आलात काय?"

"ड्युटी बदलली माही."

"तेच म्हणतो. कॅसेटला ड्युटी नसते." बोरकरांचा सगळा जन्म प्लांटच्या ऑफिसात हजेरी तपासण्यात गेला होता, त्यामुळे गैरहजर माणूस त्यांच्या डोक्यात जायचा. "आपल्यात दुसरा ढोलकीवाला माणूस नाही. बायांच्या हाती वाद्य द्यायची मंडळाची रीत नाही. मग हाच उपाय उरतो, भाऊ."

सतरंजीवर बसलेल्या मंडळाच्या चौघांनी माना डोलावल्या. त्यांना चहाची घाई होती.

कॉम्प्युटर होता विजयकुमारचा. नव्यानव्या यंत्राचं भारी कौतुक त्याला, आणि मराठी घरात बोलण्यापुरती. "काका, देखो ना. एक तुकडा बरोबर थापेपासून थापेपर्यंत कापायचा. मग हे बटण." पडद्यावर एका डब्यामागे तसलेच डबे लागत गेले, मालगाडीसारखे. "पहले मी एकेक चिपकवत होतो. अब चार मिनिटांचं गाणं दो सेकंदात तयार."

"आणि भजनात आवाज चढला तर?" हिरालालनं विचारलं.

"चढू दे ना. ठेका तोच राहील."

"मंग ते भजन कावून म्हणता? भोंगा वाजवा."

चौघांतला एक हसला आणि बोरकरांकडे पाहून त्यानं हसू दाबलं.

हिरालाल संतापलाच होता. पण आवाज त्यानं खालीच ठेवला. "ऐका. तुकडा देतो तुमाले. पण त्याच्यामागून पूर्ण गाणंही वाजवून देतो. दोन्ही ऐका. कोणतं मशीनचं, कोणतं माणसाचं, हे पोरगं आधी सांगणार नाही. मशीनचं पसंत पडलं तर मी मंडळ सोडलं. माणसाचं पसंत पडलं तर रविवारी स्टेजवर हीच ढोलकी वाजन, कॅसेट नाही. हाय कबूल?"

"कबूल," बोरकर म्हणाले. जिंकल्यासारखंच म्हणाले.

आतल्या खोलीत विजयकुमारनं चारी भिंतींना गाद्या टेकवल्या होत्या. माइक लावला, पंखा बंद केला आणि तो बाहेर आला.

"मले मधात पाणी लागते," असं म्हणून हिरालालनं मैनाबाईला सोबत आत घेतलं. दार लागलं.

पहिल्यांदा तुकडा. केरवा ताल, ठसठशीत. विजयकुमारनं कानाचे हेडफोन नीट दाबून धरले. "काका, बारीकसं छिन् येऊन राहिलं."

"दोरीची कडी असन," आतून हिरालाल म्हणाला. "थांब, बांधतो. पुन्हा घे."

"राहू दे रे," बोरकर घड्याळ बघत म्हणाले. "एवढंसं कोणाला ऐकू येते? पुढचं घे."

"बरं, कडी बांधली," हिरालाल आतून म्हणाला. मग पूर्ण गाणं. चार मिनिटं. धृपदावर थाप भरीव, अंतऱ्यात हलकी, शेवटी अशी काही उसळली की विजयकुमारचा पाय आपोआप हलायला लागला. दार उघडलं तेव्हा मैनाबाई घामानं निथळत होती. आत उकाडाच तेवढा होता. ती पदरानं तोंड पुसत भिंतीशी जाऊन बसली.

विजयकुमारनं बटण दाबलं, दोन सेकंदांत मालगाडी जोडली, दोन्ही ठेके आधी रेकॉर्ड केलेल्या भजनाखाली लावले आणि सगळ्यांकडे पाठ करून पहिलं गाणं सोडलं.

थोडा वेळ सगळे खूश होते. मग छिन्. पुन्हा छिन्. दर आवर्तनाला, त्याच जागी, तेवढंच छिन्. एकदा ऐकू आलं की कान दुसरं काही ऐकेना. तिसऱ्या मिनिटाला चौघांतला एक म्हणाला, "बंद कर बाबू, डोकं उठलं."

दुसरं सुरू झालं. तोच माणूस नकळत टाळ्यांनी ठेका धरू लागला, अंतऱ्याला बाकीचे म्हणायलाही लागले. बोरकरांनी डोळे मिटले होते आणि त्यांची मान डोलत होती.

"हेच," गाणं संपल्यावर ते म्हणाले. "काय सफाई आहे. एक थाप इकडची तिकडे नाही, ते छिन्ही पुसून टाकलं. म्हणून म्हणतो, मशीन ते मशीन."

"अंकल, मशीनचं पहिलं होतं," विजयकुमार म्हणाला. "हे हातानं वाजवलेलं."

बोरकरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. इकडे तिकडे पाहिलं. कोणी मदतीला येईना. पण माणूस शब्दाचा पक्का होता, तेवढं मानलंच पाहिजे. ते उठले, ढोलकी दोन्ही हातांनी उचलली आणि हिरालालसमोर आणून ठेवली.

"हरलो, भाऊ. या चौघांसमोर सांगतो, हे ज्या हातानं वाजवलं तोच हात रविवारी स्टेजवर. आता एकदा समोरासमोर होऊन जाऊ द्या."

"मंग तिच्यासमोर ठेवा," हिरालाल म्हणाला. "माह्या उजव्या हाताची बोटं दोन महिने झाले वळत नाहीत. तो तुकडाही मैनाचाच, न् हे गाणंही तिचंच."