दुसरं घरटं

“पिल्लाला पहिली उडी कधी मारू द्यावी?” या प्रश्नापाशी मावशी अडल्या होत्या. मजकूर संध्याकाळपर्यंत साप्ताहिकाच्या कचेरीत पोचवायचा होता.

त्यांनी चष्मा पुसला आणि लिहिलं, ‘आठव्या आठवड्यात पिल्लू म्हणेल, मला सगळं येतं. मारू द्या उडी. पडलं तर “मी सांगितलं नव्हतं?” हे एकदाच म्हणा. दुसऱ्यांदा म्हणालात तर ते वरच्या फांदीवर वेगळं बिऱ्हाड थाटेल. आणि शेजारणीच्या पिल्लाची शेपटी जास्त झुपकेदार असली तर असू दे. आपण काय शेपटीसाठी पोरं वाढवतो?’

सदराचं नाव होतं ‘खारूआईला चार शब्द’. मावशींना स्वतःला मूलबाळ नाही, म्हणून संपादक चिडवायचे. “पोरं वाढवायचे सल्ले तुम्ही द्यायचे, म्हणजे कमालच.”

“खारींची अजून तक्रार नाही,” मावशी म्हणायच्या.

सदरातली चित्रं चिंगीची. चिंगी म्हणजे मागच्या खोलीत राहणाऱ्या भाडेकरणीची सात वर्षांची मुलगी. पाच महिन्यांपूर्वी ती बाई एक पिशवी आणि हे पोर घेऊन आली, आणि मावशींच्या जुन्या मशीनवर लोकांचे कपडे शिवू लागली. आल्या दिवशी तिने एकच मागणं केलं होतं. “पोरीचं नाव कुठे येऊ देऊ नका. शाळेतसुद्धा सध्या नको.”

मावशी काय ते समजल्या. खोदून विचारलं नाही, आणि शब्द मात्र तंतोतंत पाळला. चित्रांखाली कधी नाव छापलं नाही. चित्रं छापून येतात हे भाडेकरणीला ठाऊकच नव्हतं. तिला वाचायला सवड कुठली? तिच्या वाढदिवसाला सगळी एकदम दाखवायची, असं मावशींचं आणि चिंगीचं गुपित ठरलं होतं.

चिंगीच्या खारीचा डोळा म्हणजे चक्क शर्टाचं बटण असायचं.

“डोळ्याला भोकं कशी गं?” मावशींनी एकदा विचारलं.

“चार हवीत,” चिंगी मान खाली घालूनच म्हणाली. “दोन भोकांचं बटण टिकत नाही.”

मावशींना हसू आलं होतं. शिवणाऱ्या आईची पोर, दुसरं काय बोलणार?

चित्रं यायला लागली आणि तिसऱ्याच आठवड्यात पहिलं पत्र आलं. जाड खाकी कागदाचा तुकडा, कडा कात्रीने अगदी सरळ कापलेल्या. ‘आमच्या झाडाखाली एक बोका बसतो. गुरगुरत नाही, नुसता बघतो. आईने काय करावं? — एका पिल्लाची आई.’ पत्ता नव्हता.

मावशींनी गमतीत उत्तर दिलं. दुसरं पत्र आलं तेव्हा गंमत ओसरली. ‘काल बोका वर चढला. पिल्लाचा श्वास मोजत बसला होता.’

त्या रात्री मावशींना जेवण गेलं नाही. कुठल्या तरी घरात एक बाई आपल्या लेकराला पोटाशी धरून बसली आहे आणि तिला आपल्याशिवाय कुणी नाही, हे त्यांना लख्ख दिसत होतं. भाडेकरणीला पत्र दाखवावं, असं एकदा मनात आलं. ती बिचारी असल्यातूनच गेलेली. पण वाचकाचं पत्र तिसऱ्याला दाखवायचं नाही, हा मावशींचा नियम होता, आणि नियम म्हणजे नियम.

तिसऱ्या पत्रात एकच ओळ होती. ‘पिल्लाला घेऊन कुठे जाऊ?’

मावशींनी तीन दिवस विचार करून उत्तर लिहिलं. ‘शहाण्या खारूआईचं दुसरं घरटं तयार असतं. पिल्लाला मानेशी धरायचं आणि मागे न बघता निघायचं. असं एक घरटं वाचनालयामागच्या गल्लीत आहे. पाण्याच्या टाकीखालचं हिरवं दार. गुरुवारी दुपारी तीनला तिथे एक म्हातारी खार वाट बघत असते. चोच नाही, त्यामुळे ती टोचून बोलत नाही.’

“हे दाराचं, गुरुवारचं कशाला?” संपादकांनी विचारलं.

“राहू द्या. ज्याला कळायचं त्याला कळेल.”

गुरुवारच त्यांनी मुद्दाम निवडला. त्या दुपारी भाडेकरीण शिवलेले कपडे पोचवायला दुकानात जायची आणि पाचपर्यंत यायची नाही. नव्या बाईला परक्या माणसांसमोर अवघडायला नको.

तीनला पाच मिनिटं असताना दार वाजलं. बाहेर एक मध्यमवयीन, नीटनेटका माणूस उभा होता. एकटाच.

“तुम्हीच लिहिता ना खारींचं?” त्याने हळू आवाजात विचारलं. “मी तिचा भाऊ. ती कोपऱ्यावर थांबलीय, फार घाबरलीय. म्हटलं, आधी मी बघून येतो.”

मावशींनी त्याला पटकन आत घेतलं आणि गल्लीत दोन्हीकडे पाहिलं. “मागावर कुणी नाही ना?”

“नाही.”

तरी मावशींनी दार लावून आतून कडी घातली, वरचा अडसरही सरकवला. मग त्यांना हुश्श वाटलं.

त्याने चपला काढून एका रेषेत ठेवल्या आणि खुर्चीच्या कडेवर बसला. खोलीभर नजर फिरवली. मागच्या खोलीतून कुणीतरी गुणगुणत होतं.

“घरी कोण असतं?”

“मी आणि एक लहान मुलगी. तिची आई बाहेर गेलीय. काही भिऊ नका.” मावशींनी हाक मारली, “चिंगे, पाहुण्यांना पाणी आण गं.”

“आणते,” आतून आवाज आला. माठावरचं झाकण वाजलं.

माणसाने डोळे मिटून घेतले. मग खिशातून एक घडी काढली आणि टेबलावर उलगडली. तोच जाड खाकी कागद, तशाच सरळ कडा. त्यावर साप्ताहिकातली आठ कात्रणं ओळीने चिकटवलेली होती. मावशींचा एक शब्दही त्यात ठेवलेला नव्हता. नुसत्या खारी होत्या.

“दोन भोकांचं बटण टिकत नाही,” मागच्या दाराकडे बघत तो म्हणाला. “मीच शिकवलंय तिला.”