तीनदा शह

"शेवटची फेरी आहे, चिमे. दादा जिंकला तरच संघात जाणार. तू काही त्याला हरवू नकोस, कळलं?" तिच्या बुटाची नाडी आवळताना बाबा म्हणाले. तिने मान हलवली.

दुपारी बहीण-भावाचा बुद्धिबळाचा डाव बरोबरीत सुटला. तीच मांडणी पटावर तिसऱ्यांदा आली होती, आणि नियमाने तिथे बरोबरी होते.

"साधं हरता येईना तुला? दादाचं वर्ष घालवलंस!" बाबा कडाडले.

दादाने मात्र बाहेरच्या बाकावर पट उघडून मोहरे होते तसे मांडले. "बाबा, इथे हत्ती आणला असता की मी खलास! तीनदा दिसलं हिला, अन् तीनदा नुसता शह देऊन बया माघारी फिरली."

चिमीने पटावरचा तो हत्ती उचलून हातात घेतला.



"दादाला हरवणार नाही म्हणून मान हलवली होती, बाबा. स्वतः हरेन म्हणून नाही."